अम्मीची गोळी
त्या रात्री अम्मीची नाडी चाळिसाच्या खाली गेली होती. रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉलची गोळी तिनं विसरून पुन्हा पुन्हा घेतली होती. मी रिकामी स्ट्रिप खिशात टाकून नेली, म्हणून डॉक्टरांना लगेच उमगलं. या औषधाचा अतिरेक झाला की हृदय मंदावतं, रक्तदाब कोसळतो. अ‍ॅट्रोपिननं फरक पडेना. ग्लुकागॉन तिथं नव्हतं. मग त्यांनी इन्शुलिन मागवलं. मी हादरलो, अम्मीला कुठं मधुमेह! पण भरपूर इन्शुलिन आणि सोबत शिरेतून ग्लुकोज दिलं, की दमलेलं हृदय साखर वापरून जोर धरतं. लगेच नव्हे, अर्ध्या-पाऊण तासानं. नर्स सारखी रक्तातली साखर तपासत होती, पोटॅशियमही. पहाटेच्या अजानला नाडी साठावर आली. डोळे उघडून अम्मी म्हणाली, "माझी रात्रीची गोळी राहिली का रे?"