धूप नको, हवा होना



मराठीत ‘सुकलेली भाजी’ आणि ‘वाळलेली भाजी’ यांत मोठे अंतर आहे. बाजार उठताना पाटीत मान टाकून पडलेली, कुणी न घेतलेली, ती सुकलेली. घरातल्या बाईने मुद्दाम चिरून, पसरून, डब्यात भरून ठेवलेली, ती वाळलेली. पहिली आपोआप होते, दुसरी करावी लागते. कवितेचा नाद असल्यामुळे शब्दांची अशी उलटतपासणी करण्याची मला खोड आहे. पण आज बोलायचे आहे ते भाजीबद्दलच.

आमचे करकंब पंढरपूर तालुक्यातले. पाऊस बेताचा. त्यामुळे वाळवण ही आमच्याकडे हौस नव्हती, उन्हाळ्याची तरतूद होती. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायचे, सावलीत वाळवायचे आणि मडक्यात दाबून ठेवायचे. चैत्र-वैशाखात लसूण-मिरचीच्या फोडणीत ती भाजी पडली की भाकरी दोन घास जास्त जायची. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, ताकात मुरवलेल्या मिरच्या हेही असेच. बकरीदनंतर आमच्या अंगणात मीठ-हळद लावलेले मांसाचे तुकडे दोरीवर असत, तर उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या माळवदावर सांडगे असत. कावळे हाकायला दोन्ही घरांत मिळून एकच पोर होते, ते म्हणजे मी.

गेल्या वर्षी आमच्या सुनेने विजेवर चालणारे डिहायड्रेटर मागवले. पेटीत तापणारी तार, मागे पंखा आणि जाळीचे ट्रे, एवढाच त्याचा कारभार. अम्माने त्याच्यासमोर हात धरून पाहिला आणि आमच्या दखनीत निकाल दिला, “धूप नको, हवा होना.” ऊन नको, वारा हवा. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या भागात बेदाण्याची शेड आहेत. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतात. त्याने सालीवरच्या मेणाचा अडसर दूर होतो आणि आतले पाणी सुटू लागते. पुढचे काम सावलीतला कोरडा वारा करतो. साधारण पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उन्हात टाकले तर तो काळपट पडतो. सुनेची पेटी म्हणजे त्या शेडचेच धाकटे भावंड.

तरीही पेटीचे काही नियम आहेत. काप सारखे हवेत, तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे. जाड-बारीक मिसळले की बारीक करपतात आणि जाड ओले राहतात. गाजर-बीट दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकावे, म्हणजे रंग टिकतो. भेंडीला याची गरज नाही. ती पुसून चिरावी आणि मीठ, जिरेपूड, आमचूर चोळून पसरावी. तेल लावू नये, साठवणीत खवट होते. उष्णता 55 ते 60 अंश. घाई करून ती वाढवली तर वरची कड टणक होते आणि ओल आत कोंडते. असा तुकडा वरून खुसखुशीत दिसतो आणि आठवड्यात बुरशी धरतो. सहा ते आठ तासांनी तुकडा मोडून पाहावा, काडीसारखा ‘कट्’ वाजला पाहिजे. मग काचेच्या बरणीत आठवडाभर नजरेसमोर ठेवावा आणि रोज हलवावा. काचेला आतून घाम आला तर पुन्हा ट्रेवर.

दुकानातल्या भाज्यांच्या चिप्स बहुतेक निर्वात कढईत तळलेल्या असतात, म्हणजे तेल आलेच. घरच्या तुकड्यात तेल नसते, पण म्हणून मूठ-मूठ खाऊ नये. पाणी गेल्यावर उरते ते सारे दाट होते. बीटातली साखरही आणि आपण चोळलेले मीठही.

आता हिशेब. अशा घरगुती पेटीत दोन-अडीच किलो भाजी मावते, हाती येते पाव किलोच्या आसपास. 500 वॅटची पेटी 8 तास चालली तर 4 युनिट वीज. बाईच्या चिरण्याचे मोल कुणी धरतच नाही. मी मुद्दाम धरायला सांगितले. कारण प्रश्न फक्त खाऊचा नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती 2 रुपयांचा चेक पडला. ते वाचून ‘कांदा वाळवा की!’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. गुजरातेत महुव्याला, आपल्याकडे जळगावला कांदा वाळवण्याचे मोठे कारखाने आहेत. पण त्यांना लागतो प्रामुख्याने पांढरा कांदा. आमच्या लाल कांद्याचे गाडे तिथेच अडते. स्वयंपाकघरातली पेटी त्याला पुरी पडणार नाही, हे उघड आहे.

मग तिचा उपयोग काय? मला वाटते, तो मराठवाड्यात दिसतो. ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने तिथल्या गावोगावच्या बायकांना सौर वाळवणी यंत्रे दिली आणि वाळलेला माल स्वतः विकत घेण्याची व्यवस्था केली. 2023 चा अर्थशॉट पुरस्कार त्या कामाला मिळाला. यंत्रापेक्षा मला त्यातली खरेदीची व्यवस्था मोलाची वाटते. यंत्रासाठी कर्ज, अनुदान मिळू शकते. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान ठेवलेले होते. पण दर महिन्याला माल उचलणारा माणूस कुठल्या अर्जाने मिळतो?

आमच्या सुनेने एक वही घातली आहे. ओले वजन, वाळलेले वजन, वीज, चिरायला लागलेला वेळ, सगळे त्यात येते. भेंडी 1 किलो, झाली 110 ग्रॅम. शेजारच्या तिघीजणी आता आपापली भाजी घेऊन येतात. पेटी एक, पाळ्या चार. विक्रीचा रकाना तिने आखून ठेवला आहे. तो अजून कोरा आहे.