खाज पुन्हा पुन्हा येते? साखर तपासून घ्या
(महिला मेळाव्यातील भाषण)

भगिनींनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या भावांनो,

आज पाळणा लांबविण्याच्या साधनांबद्दल बोलायचे होते. पण आधी, तांबी बसविण्यासाठी तपासणीला आलेल्या एका बाईंची हकिगत सांगते.

वय चाळिशीच्या आतबाहेर. अंगावरून दह्यासारखे पांढरे जायचे, खाजेने रात्रभर झोप नाही. वर्षातली ही पाचवी खेप! दर वेळी दुकानातून मलम आणायचे, चार दिवस बरे वाटायचे, की पुन्हा तेच. घरात नवऱ्यावर संशय, अबोला. बाई सहा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत होत्या. "साखरेच्या डॉक्टरांना सांगितलंत का?" म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "त्यांना खालचं कशाला सांगायचं?"

अहो, त्यांनाच तर सांगायचे!

कॅन्डिडा नावाची बुरशी निरोगी बाईच्या अंगातही थोडीफार असते. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीतून उतरू लागते. बुरशीला आयते खाद्य मिळते. शिवाय वाढलेल्या साखरेने शरीराची प्रतिकारशक्तीही मंदावते. मग मलम कितीही लावा, मूळ तसेच राहते. पुरुषांतही हेच. शिश्नाच्या टोकाची कातडी लाल होते, तिला चिरा पडतात, ती मागे सरत नाही. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे यावरूनच पहिल्यांदा कळते. हा आजार बहुधा बाहेरून आणलेला नसतो, तेव्हा भांडण करण्याआधी साखर तपासा.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या, पण त्यांनी हा त्रास वाढू शकतो. म्हणून गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, काय बदलायचे ते तेच ठरवतील.

दुकानातल्या मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. खाज दबते, बुरशी मात्र पसरते. आणखी एक, आपल्या विषयातले: योनीत वापरायच्या काही मलमांनी व तेलकट गोळ्यांनी निरोधचे रबर कमजोर होते. औषध चालू असताना निरोधवर भिस्त ठेवू नका. दिवस गेले असतील तर तेही सांगा, कारण बुरशीची तोंडाने घ्यायची गोळी त्या काळात टाळतात.

प्रत्येक खाज बुरशीचीच असते असे नाही. घाण वास, फोड किंवा जखम, ओटीपोटात दुखणे असेल तर आजार वेगळा असू शकतो, आणि काही आजारांत नवरा-बायको दोघांनाही औषध घ्यावे लागते. म्हणून तपासणी हवीच. सोबत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीए१सी, तपासणी करून मागा. जागा सुजून खूप दुखू लागली आणि ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

त्या बाईंची साखर दोन-अडीच महिन्यांत उतरली, खाज थांबली, आणि मग तांबीही बसविली. नवराही तपासणीला आला होता. त्याचीही साखर निघाली!

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी होते आणि नाव गुप्त राहते. ज्यांना चारचौघांत विचारायला लाज वाटते, त्यांच्यासाठी मेळाव्यानंतर मी मागच्या खोलीत बसते आहे. भावांसाठी आमचे आरोग्य सेवक पलीकडच्या खोलीत आहेत. येताना चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन या.