जात्यावरची ओवी आणि विहारातली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे.)

 

मी काही गायक नाही आणि संगीताचा मास्तरही नाही. आपल्या तालुक्यातल्या एका भातगिरणीत तीस वर्षे काम करणारा मी माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढचे जे काही शिकलो ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तरी रविवारच्या बालवर्गात लहान मुलांना गाणी कोणती शिकवायची, या विषयावर बोलायला कमिटीने मला उभे केले. याला कारण आहे. या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे, आणि ती मी चारचौघांत कबूल केलेली आहे. आज पुन्हा करतो.

माझी आई पहाटे चारला जात्यावर बसायची. नाचणी, तांदूळ, कधी वरई. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपायचो. जात्याची घरघर आणि आईचा आवाज, हे माझे पहिले संगीत. पुढे गावाजवळ पिठाची गिरणी आली. डोक्यावर पायली-दोन पायली दळण घेऊन तिथे जाणारा पहिला मीच. आईचे हात सुटले, खांदे सुटले, फार बरे झाले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. जात्याचे कष्ट ज्याने काढले नाहीत त्यानेच जात्याचे कौतुक करावे. पण जाते थांबले तसा आईचा आवाजही थांबला. ते माझ्या ध्यानात आले नाही.

पुढे मी चळवळीत आलो. वाचायला लागलो, आणि थोडे वाचलेल्या माणसाला जी खुमखुमी असते ती मलाही आली. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांचे नाव तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांनी आपल्या मुळशीच्या डोंगरातल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. नांदगाव, कोळवडे, अशा आपल्याच गावांतल्या बायांनी त्यांना ओव्या सांगितल्या. शेजारच्या वाडीवर ओव्या लिहून घेणारे आले आहेत, असे आईला कळले. ती लुगडे बदलून निघाली. मी दारात आडवा झालो. म्हणालो, "आये, कशाला जातीस? ती रडगाणी, ती देवाधर्माची गाणी. आपण बौद्ध झालो ना?"

आई म्हणाली, "आरं, त्यात बाबासायबबी हायेत."

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे." आई परत घरात गेली. २००९ साली ती गेली.

त्या कामातून महाराष्ट्रभर हजारावर गावे झाली आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि नोंदींचे काम लावून दिले. २०१७ पासून पारी या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ओव्या आवाजासकट एकेक करून येऊ लागल्या. माझ्या मुलीने एकदा मोबाईलवर लावून दाखवल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली मुद्रित केलेल्या ओव्याही त्यात आहेत. आपल्याच समाजाच्या बाया बाबासाहेबांवर गातात. आपल्या तालुक्यातल्या बायांचे आवाजही त्यात आहेत. मी रात्री दोन वाजेपर्यंत ऐकत बसलो. सगळ्या होत्या, माझी आई नव्हती. मला तिच्या चार ओव्या अर्ध्यामुर्ध्या आठवतात. बाकीच्या मी दारात आडवे होऊन बुडवल्या.

बंधूभगिनींनो, एवढे सांगितल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो.

आपल्या बालवर्गात चार ते आठ वयाची वीसेक मुले येतात. त्यांना गाणी शिकवतो म्हणजे आपण काय करतो? मोबाईलवर ट्रॅक लावतो, मोठ्या स्पीकरला जोडतो आणि मुले त्याच्याबरोबर ओरडतात. गेल्या जयंतीच्या तालमीत वीज गेली आणि ट्रॅक बंद पडला. मुले जागच्या जागी गप्प! एकालाही पुढची ओळ बिनट्रॅकची म्हणता येईना. मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्यांनी बसल्या बसल्या भीमरायाची एक ओवी सुरू केली. दोन ओळींची. तिसऱ्या वेळेला पोरे त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. वीज अर्ध्या तासाने आली, तोवर कुणी जागचे हलले नाही. त्या दिवशी मला वाटले, आपल्याकडे शिक्षक भिंतीला टेकून बसलेला आहे आणि आपण स्पीकर भाड्याने आणतो.

हे काही माझे एकट्याचे खूळ नाही. हंगेरी देशात झोल्टान कोडाय नावाचा मोठा संगीतकार होऊन गेला (१८८२–१९६७). १९०५ पासून तो खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी गोळा करू लागला, त्याचा मित्र बेला बार्टोक हाही त्याच कामात होता. कोडायचे म्हणणे असे की मुलाचे पहिले संगीत त्याच्या मायबोलीतल्या लोकगीतातून यावे, आणि वाद्याच्या आधी गळा चालावा. त्याच्या विचाराने पुढे त्या देशातल्या शाळांत गाणे शिकवले गेले. आणि योगायोग पहा, त्याच हंगेरीत शायोकाझा गावी, तिथल्या तुच्छ लेखल्या गेलेल्या रोमा लोकांच्या मुलांसाठी २००७ साली डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा निघाली. तिथले लोकही एकमेकांना जय भीम म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात न्या, असे त्यांनी केले. गाण्याचेही तसेच करावे. मुलाच्या घरात जे गाणे आहे तिथून सुरुवात करावी.

आता आपल्यातच जे आक्षेप आहेत ते बोलतो, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप, ओव्यांत देवदेवता आहेत, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. बरोबर आहे. म्हणून लहान वर्गात त्या ओव्या शिकवायच्या नाहीत. पण एक विनंती, देवाचे नाव खोडून तिथे दुसरे नाव घालून "ही आजीची ओवी" असे म्हणू नका. ते खोटे होईल. ती ओवी वहीत जशीच्या तशी लिहून ठेवा, मूल मोठे झाले की त्यावर चर्चा करा. बदल करायचा तो आपल्या आज्यांनी स्वतःच केलेला आहे. पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजत गाण्याची जुनी रीत त्यांनी ठेवली, आणि धम्म घेतल्यावर त्याच रीतीने बुद्ध, धम्म, संघ आणि बाबासाहेब गायले. माझी आजी २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली तेव्हा चालत गेली होती. तिने काही ऐकले, काही पाहिले आणि घरी येऊन जात्यावर गायले. तिला अक्षर येत नव्हते. तिचे वर्तमानपत्र तेच होते.

दुसरा आक्षेप, या गाण्यांत सासुरवास आहे, मुली रडायला शिकतील. यावर माझे उत्तर असे की मुलांनाही शिकवा. खुंट्याला मुलग्याचा हात लावा. आजीने काय सोसले ते नातवालाही कळू द्या.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "काका, वाजवणे-गाणे आपल्याला गावकीने लावून दिले होते. ते सोडायला बाबासाहेबांनी सांगितले. तुम्ही परत तिकडेच नेता?" मी आठ दिवस विचार केला. मग त्याला सांगितले, दुसऱ्याच्या दारात, सक्तीने, भाकरतुकड्यासाठी जे वाजवावे लागले ते सोडलेच पाहिजे. पण माझ्या आईला पहाटे ओवी गा म्हणून कुणी हुकूम दिला नव्हता. पाटलाने नाही, सासऱ्याने नाही. घर झोपलेले असताना, ऐकणारे कुणी नसताना ती स्वतःच्या मनाने गात होती. दिवसभरात तिच्या मालकीचे तेवढेच होते. ते गुलामीचे गाणे कसे होईल? शाहिरांनी जलशांतून चळवळ गावोगाव नेली, वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाऊन ती जागती ठेवली. ती गाणी तर शिकवायचीच. पण त्यांच्या आधी, चार वर्षांच्या पोराला, दोन ओळींची ओवी.

शिकवायचे कसे, तेही सांगतो. गेले सहा महिने आम्ही करून पाहिले आहे.

दोन मुले समोरासमोर बसवायची, हातात हात देऊन जाते ओढल्यासारखे गोल फिरवायचे. ताल आपोआप येतो, टाळ्या मोजाव्या लागत नाहीत. आजीने ओळ म्हणायची, मुलांनी ऐकायची. दोनदा नुसते ऐकणे, तिसऱ्यांदा म्हणणे. आजीचा सूर खाली असतो, मुलांचा वर, तेव्हा मुलांना जिथे सोसेल तिथून धरायचे. पेटी, ढोलकी नंतर. मधले "बाई", "गं" गाळायचे नाहीत, ओवी त्यावरच डुलते. पंधरा मिनिटे पुरे. विषय मुलांना कळतील असे, आई, भाऊ, पाऊस, भाताची लावणी, भीमराव, बुद्ध. पुस्तकातली भाषा घालू नका, आजी म्हणते तसेच म्हणू द्या.

शेवटचे आणि महत्त्वाचे. मागच्या महिन्यात आम्ही शंभर पानी वही घातली. प्रत्येक मुलाने घरच्या म्हातारीकडून एक ओवी आणायची. वहीत ओवी, सांगणारीचे नाव, तिचे माहेर, तारीख. आतापर्यंत एकतीस ओव्या आल्या. त्यातल्या दोन सांगणाऱ्या आजी या पावसाळ्यात गेल्या. म्हणजे थांबायला वेळ नाही.

माझी तुम्हाला हात जोडून एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारी असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर तिच्याजवळ बसा. ती म्हणेल, "आता काय आठवत न्हाई." उठू नका. पीठ चाळता चाळता, तांदूळ निवडता निवडता तिला आठवेल. नातवंडाला तिच्या मांडीजवळ बसवा. आणि ती वहीत ओव्या द्यायला विहारात निघाली, तर माझ्यासारखे दारात आडवे होऊ नका.



नमो बुद्धाय! जय भीम!