रक्तातले औषध कसे मोजतात



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण सासूबाईंच्या आजारात डॉक्टरांना आणि तपासनिसांना विचारून विचारून जे कळले, ते तुमच्या कानावर घालावेसे वाटते.

सासूबाईंना हृदयासाठी डिगॉक्सिनची पाव मिलिग्रॅमची गोळी होती. हे औषध डिजिटॅलिस जातीच्या झाडाच्या पानांतून निघते. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी या जातीच्या झाडावर पुस्तक लिहिले. त्यांना माग लागला तो श्रॉपशायरच्या एका म्हातारीच्या घरगुती औषधावरून! नाव मात्र डॉक्टरांचे झाले. असो.

गेल्या वैशाखात सासूबाईंचे अन्न तुटले, मळमळ सुरू झाली, पांढरी भिंत पिवळी दिसू लागली. शेजारणी म्हणाल्या, पित्त असेल. डॉक्टरांनी मात्र रक्तातले डिगॉक्सिन मोजायला सांगितले. या औषधाच्या गुणात आणि अवगुणात अंतर फार थोडे. मिलिलिटरमागे ते असते एखादा नॅनोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक! दोनच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. सासूबाईंचे निघाले २.९. मूत्रपिंडे थकली की औषध बाहेर पडत नाही, साचत जाते. डॉक्टरांनी गोळी काही दिवस बंद ठेवली, मग कमी मात्रेने दिली. पाचव्या दिवशी त्यांनी आपणहून पिठले-भाकरी मागितली.

इतके बारीक मोजतात कसे? रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवतात. तांबडे तळाशी बसते, वर पिवळसर पाणी राहते. त्यात औषधाला नेमकी ओळखून चिकटणारी द्रव्ये घालतात; त्यावरून आकडा निघतो. अशी मोजणी १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. दुसरी रीत आपल्या फोडणीसारखी. हिंगाचा वास तेलात उतरतो ना, तसे औषध एका द्रावकात उतरवून घेतात, द्रावक उडवून टाकतात आणि उरलेले यंत्राने मोजतात.

ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी ऐकावे : गोळी घेतल्यावर निदान सहा तास रक्त द्यायचे नाही. तोवर औषध रक्तातून अंगात मुरलेले नसते, आकडा उगाच मोठा येतो. गोळीची वेळ चिठ्ठीवर लिहून न्यावी. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

आणि हो, कुंपणावरची पिवळी बिट्टी! तिचे विष या औषधाच्याच जातकुळीचे. इतके, की बिट्टी पोटात गेलेल्या माणसाच्या रक्तातही ती पहिल्या रीतीची तपासणी डिगॉक्सिन दाखवते. परड्यात मुले खेळत असतील तर तिच्या बिया आधी झाडून घ्या.