वाटेवरचा इतिहास



पर्यटन म्हटले की आपली पावले गडकोटांकडे आणि लेण्यांकडे वळतात. ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचा मोठा भाग रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि आपण तो न पाहताच पुढे जातो.

गावोगावी देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. खाली युद्धप्रसंग, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते असेतोवर वीराची कीर्ती राहील, हा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. सातारा जिल्ह्यात लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. विहिरीच्या पोटात महाल आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आनंदोत्सव केला. मात्र अशा कित्येक शिळांवर तैलरंगाचे थर चढतात, काही रस्तारुंदीकरणात गाडल्या जातात. श्रद्धेने दिलेला रंगही अक्षरे बुजवतो, हे सांगण्याचा संकोच नको.

गावी जाल तेव्हा थांबा, छायाचित्र घ्या, पुरातत्त्व विभागाला कळवा. शिळा जागची हलवू नका. जागा हाही पुरावाच असतो. त्या वीराचे नाव आज कुणाला ठाऊक नसेल, पण त्याची शिळा तरी अनाथ होऊ देऊ नका.