भांडण मिटलं, पण हिशेब कुणाचा बुडाला?

(एडिसन येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयासाठी मी एक कार्टून निवडलं आहे, याचं काहींना आश्चर्य वाटेल. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही निकलोडियनची मालिका २००५ ते २००८ या काळात दाखवली गेली आणि २०२० साली नेटफ्लिक्सवर आल्यावर पुन्हा घरोघरी पाहिली गेली. आपल्यापैकी अनेकांची मुलं तिच्यावर वाढली. तिच्या ६१ भागांपैकी एक भाग चाहत्यांच्या याद्यांमध्ये हमखास तळाशी असतो. तो म्हणजे मे २००५ मधला 'द ग्रेट डिव्हाइड'.

गोष्ट साधी आहे. युद्धामुळे घरदार सोडून निघालेली दोन कुळं एकाच दरीतून चालली आहेत. त्यांचं वैर शंभर वर्षांचं. गान जिन म्हणतात, आमचा पूर्वज पवित्र गोल घेऊन विधीसाठी निघाला होता, तुमच्या माणसाने त्याला पाडून तो चोरला. झांग म्हणतात, आमचा पूर्वज उलट मदतीला गेला, आणि तुम्ही त्याला विनाकारण २० वर्षं तुरुंगात टाकलंत. तलवारी उपसल्या जातात तेव्हा आपला छोटा नायक आंग सांगतो, "मी तेव्हा तिथे होतो. ते दोघे आठ वर्षांचे जुळे भाऊ होते, तो गोल म्हणजे चेंडू होता आणि तुरुंग म्हणजे दोन मिनिटं खेळाबाहेर बसणं." वैर संपतं. नंतर मित्रांजवळ तो कबूल करतो, की हे सगळं त्याने रचलं होतं.

प्रेक्षकांच्या तक्रारी साधारण तीन. मुख्य कथा पुढे सरकत नाही. दोन्ही कुळं इतकी भांडखोर की कुणाबद्दलच आपुलकी वाटत नाही. आणि शांततेचा दूतच थाप मारतो. निर्मात्यांनीही २००८ च्या एका भागात स्वतःची थट्टा करून घेतली. त्यातल्या नाटकात पात्रांना ही दरी दिसते आणि ती न थांबता पुढे उडून जातात.

आमच्या घरातही दोन पक्ष पडले. इथेच वाढलेल्या माझ्या मुलीला ती थाप अजिबात पटली नाही. नवऱ्याचं म्हणणं, "अगं, बांधावरून तीन पिढ्या कोर्टात घालवलेले भाऊबंद मी पाहिलेत. एका थापेने मिटलं असतं तर देव पावला म्हणायचं!"

मी पेशाने संशोधक. निष्कर्षाआधी कोणती नोंद गाळली गेली ते पाहायची सवय जडली आहे. इथे काय गाळलं गेलं? दोन्ही तक्रारी सारख्या वजनाच्या नव्हत्या. एका बाजूचा गोल चोरीला गेला होता, दुसऱ्या बाजूच्या माणसाची २० वर्षं गेली होती. खरं कोण हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पण आंगच्या गोष्टीत २० वर्षांची दोन मिनिटं झाली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. माझा आक्षेप थापेपेक्षा या वजाबाकीला आहे.

हा प्रश्न फक्त कार्टूनचा नाही. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावच्या समितीने सामोपचाराने तंटे मिटवायचे आणि गावाला बक्षीस मिळायचं. बांधाचे, वाटणीचे तंटे असे मिटत असतील तर उत्तमच. तिथे नवऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण 'तंटा' हा शब्द फसवा आहे. तो दोन्ही बाजूंना एका पारड्यात बसवतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका आणि सुधीर व रोशन ही मुलं मारली गेली. त्या दलित कुटुंबाच्या मागे जमिनीचा वाद होता, म्हणून त्याला 'गावातलं भांडण' म्हणणारेही निघाले. याच खैरलांजीला पुढे तंटामुक्त गावाचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यावर टीका झाली. ती होणारच. ज्या घरातली चार माणसं गेली, त्या घराशी गावाचा 'तंटा' मिटला म्हणजे नेमकं काय झालं?

मग वैर संपवायचं कसं? अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर हॅटफील्ड आणि मॅकॉय घराण्यांत १८७८ साली एका डुकराच्या मालकीवरून खटला झाला, पुढे अनेक खून पडले. जून २००३ मध्ये दोन्हीकडच्या वंशजांनी पाइकव्हिलला समेटाच्या कागदावर सह्या केल्या. त्यासाठी डुक्कर कुणाचं होतं हे ठरवावं लागलं नाही, आणि कुणी मेलंच नाही असं भासवावंही लागलं नाही. अर्थात, ते १२५ वर्षांनंतर जमलं, आणि दोन्ही घराणी साधारण तुल्यबळ होती, हेही विसरून चालणार नाही.

आपल्या स्नेहसंमेलनांत जातीचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या हो, जुनं कशाला उगाळायचं? आपण सगळे इथे मराठीच." म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरी त्या वेळी एक प्रश्न जरूर विचारावा: हे विसरल्याने कुणाचा चेंडू जातो आणि कुणाची २० वर्षं? ज्याची वर्षं गेली, 'जाऊ द्या' म्हणण्याचा पहिला हक्क त्याचा. आपण तो परस्पर वापरू नये, इतकंच.

तुमची मतं ऐकायला मी उत्सुक आहे.