मतदान यंत्र, कायदा आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



 आम्ही मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालेले. राजकारण हा आमचा प्रांत नव्हे. तथापि नोकरीच्या काळात निवडणुकीचे काम आमच्या वाट्यास वारंवार आले. मतपत्रिकांची लोखंडी पेटी आम्ही वाहिली आणि मतदान यंत्रही हाताळले. म्हणून सध्या घरोघरी चाललेल्या या वादाविषयी बोलण्याचे धाडस करतो.

हा वाद यंत्राइतकाच जुना आहे. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर प्रथम यंत्रे वापरण्यात आली. पराभूत उमेदवार न्यायालयात गेले. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील मतदान रद्द केले. मतपत्रिकांवर फेरमतदान झाले व निकाल उलटला. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-क हे कलम घालण्यात आले, ते १९८९ पासून अंमलात आले. आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर पार पडली.

पक्षांची भूमिका मात्र निकालानुसार पालटत आली आहे. २००९ मध्ये पराभवानंतर भारतीय जनता पक्षाच्या नेत्यांनी यंत्राविषयी शंका काढली. २०१४ नंतर तीच शंका काँग्रेस व इतर पक्ष काढू लागले. तरीही शंकेपासून काही हित झालेच नाही, असे म्हणता येणार नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताची छापील चिठ्ठी आवश्यक मानली, म्हणूनच आज व्हीव्हीपॅटच्या काचेतून आपले मत आपणांस ७ सेकंद दिसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने मतपत्रिकांकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी अमान्य केली. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांस ५ टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली.

येथे आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. यंत्रावरील आमची ती पहिलीच निवडणूक. आम्ही केंद्राध्यक्ष होतो. पहाटे प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतले, बेरीज दाखविली आणि घाईने यंत्रास मोहोर लावावयास निघालो. इतक्यात कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “गुरुजी, ती खोटी मतं पुसली का?” आम्हांस राग आला. उभ्या गावास शिकविणाऱ्यास हे काय विचारतात! पण यंत्र पाहिले तो चाचणीची मते जशीच्या तशी होती. आम्ही ती पुसली, शून्य दाखविले आणि सर्वांदेखत त्या गृहस्थांस हात जोडले. त्यांनी संकोच केला असता, तर त्या केंद्राची बेरीज चुकली असती आणि गावात कायमचे वितुष्ट आले असते.

सायंकाळी मतांच्या हिशेबाचा नमुना १७-सी भरला. त्याची साक्षांकित प्रत हजर प्रतिनिधींस द्यावयाची असते. मोजणीच्या दिवशी यंत्रातील आकडा तिच्याशी पडताळता येतो. परंतु ती घेण्यास केवळ तेच वृद्ध उरले होते. बाकीचे दुपारी जेवावयास गेले ते परतलेच नाहीत. निकालानंतर मात्र “घोटाळा झाला” म्हणून आरोळी ठोकण्यात हीच मंडळी पुढे होती.

शंका घेणे हा नागरिकाचा अधिकार आहे. परंतु ती वेळेवर व जागेवर हजर राहून घ्यावी. त्याचबरोबर शंकेचे निरसन करणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घेऊन पाहण्याचे योजिले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि बेत रहित झाला. अशा मतदानास कायद्याचा आधार नाही हे खरे, परंतु बंदीने शंका फिटत नाही. त्याच महिन्यात निवडणूक नियम ९३ मध्ये बदल होऊन केंद्रांतील चित्रीकरणासारखी सामग्री सर्वसामान्यांच्या तपासणीबाहेर गेली. मतदारांच्या गुप्ततेचे कारण त्यास देण्यात आले. विरोधी पक्षांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. गुप्तता आम्हांसही मान्य आहे. पण ती मतदाराच्या मताची असावी, कारभाराची नव्हे. आम्हांस प्रश्न विचारला गेला म्हणूनच आमची चूक सुधारली, हा अनुभव आम्ही कसा विसरावा?

म्हणून ज्ञातीतील तरुणांस आमची विनंती आहे. पक्ष कोणताही असो, पुढील निवडणुकीत प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसा. चाचणी मतदान पाहा, मोहोरेचा क्रमांक टिपून घ्या आणि १७-सीची प्रत हाती आल्याशिवाय उठू नका. फोनवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे, पण देशाच्या उपयोगाचे आहे.